चटईचा आवाज

व्हिडिओ नव्वद टक्के वर चढला आणि नेट गेलं. सेइनीने कपाळावर हात मारून घेतला. समोर खुर्चीत बसलेली तिची आई, पिसिला, शांतपणे म्हणाली, "पुन्हा चढव. मला कुठे जायचंय?"

व्हिडिओ उत्तरेकडच्या व्हावाउ बेटावरून आला होता, फुसीमावशीकडून. गावातल्या बायका मंडळाच्या खोलीत बसून केवड्याच्या पातीची चटई विणत होत्या. चटई सेइनीच्या लग्नाची होती. निम्मी पिसिलानेच विणलेली. मग तिचे डोळे गेले, ती राजधानीत, नुकुआलोफाला, लेकीकडे राहायला आली आणि येताना ती अर्धी चटई गुंडाळून धाकट्या बहिणीच्या हवाली करून आली. त्यानंतर वर्षभर तिने त्या चटईचं नाव काढलं नव्हतं. काल मात्र व्हिडिओ आल्याचं कळलं तसं म्हणाली, मला ऐकायचाय. आणि तोही एकटीने, चालू-बंद करायला कोणाला हाक न मारता.

फोनचा तिला उपयोग नव्हता. काचेवर बोट कुठेही पडायचं. मागच्या आठवड्यात फोन पाद्रीबाबांना लागला आणि ते बिचारे जेवणावरून उठून धावत आले. अंधांच्या संस्थेने दिलेलं मोठ्या बटणांचं एक छोटं यंत्र होतं, पण त्यावर चित्र चालत नसे, नुसता आवाज. म्हणून सेइनी सकाळपासून एका वेबसाइटवर त्या व्हिडिओतला आवाज वेगळा काढत बसली होती. फाइल कोणत्या प्रकारची हवी याची तिथे लांबलचक यादी होती. यंत्राच्या पाठीवर लिहिलेलं तिने निवडलं. "ओजीजी," ती मोठ्याने म्हणाली.

"हे कुठल्या कंपनीचं?" पिसिलाने विचारलं.

"कुठल्याच नाही, आई. कोणीही वापरावं. ना परवानगी, ना पैसे."

"कोणाचंच नाही? मग बिघडलं तर बोलायचं कोणाला?"

दुसऱ्या खेपेला मात्र जमलं. आईला देण्याआधी सेइनीने फाइल स्वतः ऐकून पाहिली. पातींची सळसळ, गप्पा, कोणाच्या तरी सुनेची तक्रार. अकराव्या मिनिटाला एक बाई म्हणाली, "पिसिला इथे नाही ते एक बरंय बाई. निवांत बोलता तरी येतं." सगळ्या हसल्या. मावशीही हसली.

सेइनीने ते थांबवलं. तेवढंच कापून टाकावं म्हणून ती वेबसाइटवर सोय शोधू लागली, पण तिथे फक्त सुरुवातीचं किंवा शेवटचं कापता येत होतं, मधलं नाही. फाइल खराब निघाली असं सांगावं का? तिने आईकडे पाहिलं. आई केस नीट विंचरून, यंत्र मांडीवर घेऊन बसली होती. सेइनीने मुकाट्याने फाइल मेमरी कार्डावर उतरवली आणि कार्ड यंत्रात सरकवलं.

पिसिला ऐकत राहिली. त्या वाक्यापाशी आल्यावर तिच्या अंगठ्याने बटण दाबलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेलं.

"आई, त्या थट्टा करतायत गं," सेइनी म्हणाली.

पिसिलाने हात वर करून तिला गप्प केलं आणि यंत्र थेट कानाला लावलं. चौथ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाली, "फुसीला फोन लाव."

मनाला लावून घेऊ नकोस, त्या सगळ्या तुझ्याच हाताखाली शिकल्यात, असं बरंच काही सेइनी फोन लावता लावता सांगत राहिली. मावशीने फोन उचलला. मागे बायकांचा गलका होता, म्हणजे मंडळ बसलेलंच होतं. पिसिलाने फोन हातात घेतला. कशी आहेस नाही, काही नाही.

"फुसी, हसताना तुझा हात सैल पडला. पात ओढली की कुरकुरते. तिथे ती कुरकुरलीच नाही. दोन ओळी तशाच गेल्यात."

मावशीने आधी साफ नाकारलं. मग म्हणाली, ताई, ते मंगळवारचं आहे, त्यानंतर आम्ही दोन वीत पुढे गेलोय. आणि लग्नात एवढ्या गर्दीत कोणाच्या नजरेला पडणार आहे ते?

"माझी लेक त्या चटईवर बसेल तेव्हा मी ओळीओळीवरून हात फिरवणार आहे," पिसिला म्हणाली. "उसव."

पलीकडचा गलका थांबला. बोलणं संपलं असं वाटून सेइनीने फोन घ्यायला हात पुढे केला, तर आईने तो कानाशी आणखी घट्ट धरला. पलीकडून एकेक पात सुटत असल्याची सरसर येऊ लागली होती.