बाटलीतला छर्रा

"बाबा, असं नुसतं हलवून रंग मिळून येत नाही," श्रुतिका म्हणाली. "तळाशी जमलेला तसाच राह्यते. वरचं पानी हलते फक्त."

चैतराम पलंगाच्या काठावर बसून निळ्या रंगाची बाटली हलवत होता. अंगठ्याएवढी काचेची बाटली, मॉडेल रंगवायच्या रंगाची. अशा सहा बाटल्या लेकीनंच मोबाइलवरून मागवून दिल्या होत्या. समोर स्टुलावर छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीचा एक डबा उभा होता, पूर्वी बालाघाटातून धावायची त्या गाडीचा. पत्रा आणि पुठ्ठा कापून चैतरामनं तो स्वतः केला होता. खिडक्यांना गजसुद्धा होते. रंगाचा मात्र एक थेंब त्याला लागला नव्हता. बाटल्या पोळ्याला आल्या होत्या आणि आता दिवाळीही होऊन गेली होती.

तरी बाटली सदान्‌कदा त्याच्या हातात. सकाळी, जेवण झाल्यावर, पाहुणा समोर बसला असला तरी. "रंग हलवत राहावा लागते," तो सांगायचा. खोटं बोलायला माणसाला फार मोठी जागा लागत नाही. चैतरामला ही एवढीशी बाटली पुरली होती.

त्याची बायको पौर्णिमा दारात तांदूळ निवडत होती. नवऱ्याकडे ती बघत नव्हती, म्हणजे नीट लक्ष ठेवून होती. उद्या सोमवार. सुटी संपून शाळा उघडणार आणि चैतराम लालबर्रा रोडवरच्या चौदा लेकरांना व्हॅनमधून आणायला निघणार. सुटीत तिनं त्याला दोनदा विचारलं होतं, "तुमचा हात काहून थरथरते जी?" दोन्ही वेळा त्यानं बाटली दाखवली होती.

"द्या इकडे," म्हणत श्रुतिकानं बाटली घेतली आणि कोमट पाण्याच्या वाटीत ठेवली. रंग जरा सैल झाला की टूथपिकनं तळ खरवडायचा आणि मग आत छर्रा, बेअरिंगची बारीक गोळी, टाकायचा, असं तिनं व्हिडिओत पाहिलं होतं. "सायकलचा नाही चालत, त्याले जंग लागते. हा बघा, स्टीलचा आणला." ज्वारीच्या दाण्याएवढा छर्रा तिच्या तळहातावर चमकत होता. हे सगळं होईपर्यंत चैतरामनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला. पोरीचं सगळं लक्ष रंगात. बिचारीला वाटत होतं, आपण बापाचं काम सोपं करतोय.

"घ्या. आता हलवा."

त्यानं हलवली. आत छर्रा टकटक वाजू लागला. तळाचा रंग वर आला, निळा काचेवर एकसारखा चढला. श्रुतिका खूश झाली. चैतरामलाही क्षणभर सगळं विसरायला झालं.

"बस बाबा, मिळून आला रंग. थांबा आता."

"थांबलो," चैतराम म्हणाला आणि त्यानं बाटली गुडघ्यावर टेकवली.

टक टक टक टक.

"थांबा ना."

"थांबलो ना बेटा."

छर्रा वाजतच होता. चैतरामनं दुसऱ्या हातानं मूठ आवळली, तेव्हा आवाज बारीक झाला, बंद झाला नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. श्रुतिकाचं हसू गेलं. पौर्णिमाचे हात तांदळात थांबले.

ती उठली. त्याच्या मुठीतून बाटली काढून तिनं डब्याशेजारी ठेवली. आवाज बंद झाला. हात गुडघ्यावर तसाच हलत राहिला. पौर्णिमाला रडू आलं नाही, राग आला. आधी त्याचा, आणि मग स्वतःचा, दोनदा विचारून गप्प बसल्याचा.

"उद्या लेकरं कशी नेसान?"

 चैतरामनं खिशातून व्हॅनची चाबी काढून तिच्यापुढे धरली. चाबीचं घुंगरू तिच्या मुठीत जाईपर्यंत वाजत होतं.

"डोमाजीले फोन लाव. त्याची गाडी सकाळी रिकामी असते."

"बाबा, मी छर्रा टाकाले नव्हता पाहिजे," श्रुतिका म्हणाली.

"नाही बेटा. बरं केलं." हात त्यानं या वेळी लपवला नाही. "समोरच्या सीटवर नर्सरीतली दीप्ती बसते. सुट्या लागाच्या आदल्या दिवशी तिनं गिअरवरच्या माह्या हातावर हात ठेवला. म्हने, 'अंकल, आपको ठंड लग रही है क्या?'"

पौर्णिमानं चाबी पदराला बांधली.

"भर दुपार होती. घामानं लेकरांचे शर्ट भिजले होते," चैतराम म्हणाला. "मी हौ म्हनलं. आन् गाडी काढली."