आतलं पाणी

पाणी बेसिनमध्ये ओतून झालं, आणि मग मिस्त्रीला आठवलं की ते ओतायचं नव्हतं.

तोवर शेवटचा घोटभर जाळीतून खाली गेला होता. त्याने बंदूक झटकन सरळ केली, पण आता सरळ करून काय उपयोग! तीस वर्षं मोडकी खेळणी दुरुस्त करणाऱ्या हाताला एकच शिस्त होती: पाण्याची बंदूक आली की आधी टाकी रिकामी, मग बाकीचं. हाताने आपलं काम चोख केलं होतं. डोकं तेवढं जागेवर नव्हतं.

सकाळी पोस्टमास्तर आणि पोस्टमास्तरीणबाई जोडीने आले होते. पोस्टमास्तर म्हणजे कधीच निवृत्त झालेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले. बंदूक हिरवी, खटका पिवळा, टाकी अर्धी भरलेली. बुडाशी जरा झिरपते, एवढंच पोस्टमास्तर म्हणाले. मिस्त्रीने चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला.

“आतलं पाणी काढायचं नाही हं. आमच्या मुलाने भरलेलं आहे.”

आठ वर्षांचा होता. दुपारी खेळून आला, उद्यासाठी म्हणून टाकी भरून ठेवली, आणि संध्याकाळी तापाने फणफणला. चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. त्याला बावीस वर्षं झाली. बाईंनी हे कुणाला पत्ता सांगावा तसं सांगितलं. पोस्टमास्तर फळीवरच्या मोडक्या आगगाड्या बघत राहिले. मिस्त्रीने छातीठोकपणे शब्द दिला होता, की उलटी बांधून काम करतो, थेंबसुद्धा हलणार नाही.

आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीतलं तर आधीच पळालं होतं.

बायको चहा घेऊन दुकानात आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने कप बाजूला ठेवला आणि काय झालं ते काढून घेतलं. तिचं म्हणणं सरळ होतं. समोर नळ आहे, भरा आणि मोकळे व्हा, पाण्यावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं? मिस्त्री उखडला. एका आईला फसवायचं म्हणतेस, असं म्हणून त्याने चपला घातल्या. मग जाऊन सांगा, बायको म्हणाली, बघू तोंडातून शब्द फुटतो का ते. तो दोनदा पोस्टमास्तरांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. बायकोने चहा पुन्हा गरम करून दिला.

शेवटी तो कामाला बसला. टाकीखालचा वॉशर पार कडक होऊन चिरला होता. त्याने सायकलच्या ट्यूबमधून नवा कापला, ग्रीस लावून बसवला, आणि होतं तेवढंच पाणी नळाचं भरलं. जुनं पाणी किती नितळ होतं, हे त्याला राहून राहून आठवत होतं. ना शेवाळ, ना वास. बाईंनी जिवापाड जपलं आणि आपण भांडी विसळल्यासारखं ओतून दिलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

न्यायला पोस्टमास्तर एकटेच आले. मिस्त्रीने खोटं चांगलं घोकून ठेवलं होतं, पण बाहेर पडलं ते खरंच.

“साहेब, पाणी माझ्या हातून गेलं. सगळं. आत आहे ते आमच्या नळाचं.”

पोस्टमास्तरांनी आधी दाराकडे पाहिलं. मग स्टुलावर बसले, पट्टा सैल केला.

“तुम्ही ओतलंत तेही नळाचंच होतं, मिस्त्री.”

गळती तिसऱ्याच वर्षी सुरू झाली होती. दिवसाला चमचाभर. तेव्हापासून रोज सकाळी बाई उठायच्या आत ते स्टूल लावून कपाटावरची बंदूक काढत, खुणेपर्यंत पाणी भरत आणि खालचे थेंब पुसून ठेवत. एकही दिवस खाडा नाही. आता गुडघे स्टुलावर चढू देत नव्हते, म्हणून ही दुरुस्ती. तिला कळता कामा नये, ते म्हणाले. त्या पाण्याच्या आधारावर ती जगली आहे. मग त्यांनी आता नक्की गळणार नाही ना, असं तीनदा विचारलं. एक थेंब गळला तर हा धंदा सोडीन, असं मिस्त्री म्हणाला.

त्या दिवशी मिस्त्री दोन घास जास्त जेवला. बायकोने खोदून विचारलं, पण त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

दहाव्या दिवशी पोस्टमास्तरीणबाई एकट्याच आल्या. टॉवेलात गुंडाळलेली बंदूक त्यांनी टेबलावर ठेवली. मिस्त्रीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. बाईंनी ओळखलं, आणि तेही आपल्यामुळे. गळते का, त्याने कसंबसं विचारलं. बाईंनी मान हलवली. थेंबसुद्धा नाही. मग त्यांनी पदराने चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

“आमच्या ह्यांनी तुम्हाला काही सांगितलं?”

“नाही बाई. काहीच नाही.”

“बरं केलंत. मला काही कळत नाही असंच वाटू दे त्यांना. एकोणीस वर्षं रोज सकाळी मी डोळे मिटून पडून असते, ते पाणी भरेपर्यंत.” बाईंनी बंदूक त्याच्याकडे सरकवली. “परत थोडी गळेल अशी करून द्या, मी ती खालच्या फळीवर ठेवीन. आठ दिवस झाले, ते अंथरुणातून उठलेले नाहीत.”