रविवारची नाणेफेक

रविवारी नऊ वाजता डबीत लाल दिवा लागला. लाल म्हणजे थालीपीठ, हिरवा म्हणजे धिरडं. तरी वैजयंतीने डबी मिटून फडताळात टाकली आणि धिरड्याचं पीठ भिजवायला घेतलं.

लहानपणी थालीपीठ की धिरडं यावरून तिचं आणि धाकट्या शलाकाचं दर रविवारी वाजायचं. मग बाबा नाणं उडवायचे. शलाका अंतराळात निघाली तेव्हा नाण्याच्या जागी, दोघींकडे एकेक, या गुंतलेल्या कणांच्या जुळ्या डब्या आल्या. दोघींत कितीही अंतर पडलं तरी दिवे एकाच रंगाचे लागत, दोन्हीकडे न्याहारी एकच होई.

पण शलाकाचं यान कृष्णविवराच्या काठाशी जाऊन थांबलं आणि डब्यांमधलं नातं विरत गेलं. महिन्यांनी पोचणाऱ्या तिच्या संदेशांत आता निम्मेच रविवार जुळत होते. तेवढं तर कुठल्याही दोन नाण्यांचं जुळतं.

म्हणून आज वैजयंतीने शलाकाच्या आवडीचं धिरडं घातलं.

त्या रविवारचा संदेश दिवाळीत आला.

"ताई, डबीत हिरवा लागला होता, पण मी ती ठेवूनच दिली. तुझ्या आवडीचं थालीपीठ केलंय, तुझ्यासारखं मधे भोक पाडून."

बाबा असते तर आता नाणं खिशात टाकून हसले असते.