भिंतीवरचे ठोके

"बसल्या जागी एकशे सत्तर," ट्रॉय म्हणाला, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. "वेंडेल, तू बाकावर बसलायस की डोंगर चढतोयस?"

सगळ्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं. तिथे प्रत्येकाच्या नावाची एक चौकट होती आणि चौकटीत त्याच्या हृदयाचे ठोके. वेंडेलच्या चौकटीत एकशे सत्तर, मग चौऱ्याण्णव, मग पुन्हा एकशे साठ. खुद्द वेंडेल प्रुइट, वय सव्वीस, वजन तीनशे पौंडांच्या पुढे, दोन बोटं मानेवर ठेवून नाडी शोधत होता.

"शोधू नकोस. चरबीखाली कुठेतरी हरवली असेल," ट्रॉय म्हणाला. दोघंतिघं हसले.

ट्रॉय व्हॅन्डरमोलनला जाड माणसांचा मनापासून तिटकारा होता, आणि मिशिगनमधल्या त्या गावात जिम चालवायची म्हणजे गिऱ्हाईक तेच. डोनट खायचे, आरशासमोर रडायचे आणि मग त्याच्या दारात यायचे. इतरांना तो निदान वरवर हसून सोसायचा. पण वेंडेलची भीती त्याच्या डोक्यात जायची. बाप चाळिशीत हृदय बंद पडून गेला म्हणे, म्हणून हा गडी उठता बसता छातीवर हात ठेवणार. ट्रॉयच्या मते माणसाने एक तर खावं, नाहीतर घाबरावं. दोन्ही एकदम करणाऱ्याची त्याला कीवसुद्धा येत नसे.

पहिल्याच दिवशी तमाशा झाला होता. ठोके मोजणारा पट्टा वेंडेलच्या छातीला पुरेना. ट्रॉय तेव्हा नेहमीप्रमाणे काउंटरवर डब्या पुसत होता, स्वतःचीही. पट्ट्यावर चटकन बसणारी काळी डबी, सगळं यंत्र तिच्यातच. एका डबीच्या नंबरला त्याने संगणकावर वेंडेलचं नाव जोडलं, खणातून सगळ्यांत लांब पट्टा काढला आणि दोन्ही हातांनी ताणून वर्गाला दाखवला.

"हा आम्ही घोड्यांसाठी ठेवतो."

लोकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. वेंडेलही हसला, कारण न हसून करतो काय. त्या हशातच ट्रॉयने एक डबी लांब पट्ट्यावर बसवली, एक आपल्या पट्ट्यावर, आणि वर्ग सुरू केला. तेव्हापासून त्या डब्या त्याच पट्ट्यांवर होत्या आणि वेंडेलचे आकडे असेच नाचत होते. ते फार चढले की ट्रॉय त्याला बाकावर बसवायचा, आणि बसवलं तरी ते थांबत नसत.

"आता माझी चौकट बघा," आज तो दोरीवरून उड्या मारता मारता म्हणाला. त्याच्या नावाखाली ब्याण्णव होते. "मी इथे उडतोय आणि हृदय खुर्चीत बसून पेपर वाचतंय. याला म्हणतात कमावलेलं हृदय."

दोरी खाली ठेवताना त्याला धाप लागली. जमीन जराशी कलल्यासारखी वाटली. तिसरी कॉफी उगाच घेतली, असं त्याने मनाशी ठरवलं. त्याच्या बायकोचं, ग्रेचेनचं, सध्या एकच पालुपद चालू होतं: जिन्यात मध्येच थांबतोस, डॉक्टरकडे जा. डॉक्टर वेंडेलसारख्यांसाठी असतात, असं त्याने तिला सुनावलं होतं.

वेंडेल बाकावरून उठला. "कोच, मी डॉक्टरांकडे जाऊन आलो."

"मग? किती दिवस दिलेत?"

"दोन आठवडे त्यांनी छातीवर एक यंत्र चिकटवलं होतं. इथे यायचो तेव्हाही ते अंगावर होतंच. काल निकाल आला. हृदय ठणठणीत आहे म्हणाले."

"आणि तू विश्वास ठेवलास."

"ठेवावासा वाटतोय. मला झोपायची भीती वाटते, कोच. डोळा लागला तर सकाळी उघडेल की नाही, असं होतं. या भिंतीपायी झालंय ते."

त्याचा आवाज ओला झाला होता. ट्रॉयला शिसारी आली.

"जाड्या माणसाशी डॉक्टर गोड बोलतात, नाहीतर तो पुन्हा येत नाही. हा पडदा कुणाचा मिंधा नाही."

"पुरे कर, ट्रॉय," सायकल मारत असलेली लॉर्ना म्हणाली. पोस्टातून निवृत्त झालेली ही बाई एकटीच त्याला उलट बोलायची. "पोराचं यंत्रच बिघडलं असेल."

"यंत्रं मी रोज माझ्या हाताने पुसतो, लॉर्ना. यंत्र बिघडत नाही, माणसं बिघडतात. उद्या हा इथे आडवा झाला तर उचलायला काय क्रेन मागवू?"

या वेळी कुणी हसलं नाही. त्यामुळे ट्रॉयचा आवाज आणखी चढला.

"सगळ्यांसमोर सांगतो. ते हृदय ज्याच्या छातीत आहे, तो मरणाच्या दारात उभा आहे. त्याने व्यायाम करायचा नाही, जिना चढायचा नाही, सरळ हॉस्पिटलात जायचं. तू माझ्या वर्गात नकोस, वेंडेल. पट्टा काढ आणि नीघ."

भिंतीकडे तोंड करून वेंडेलने टीशर्टाखाली हात घातला, बराच वेळ चाचपडून पट्टा सोडवला आणि गुंडाळून काउंटरवर ठेवला. जाताना "थँक यू, कोच" म्हणाला, तेही मनापासून. ट्रॉयला त्याचाही राग आला.

दार बंद झालं. "चला, हवा जरा खेळती झाली," ट्रॉय टाळी वाजवून म्हणाला. "दोऱ्या उचला."

कुणी दोरी उचलली नाही. सगळे पडद्याकडे बघत होते. लॉर्नाचे पाय सायकलवर थांबले होते.

"ट्रॉय," ती हळूच म्हणाली, "तुझी चौकट बंद पडली."

ट्रॉयच्या नावाखाली काहीच नव्हतं. शेजारी वेंडेलच्या नावाखाली आकडे पळत होते: एकशे अठ्ठ्याऐंशी, बहात्तर, दोनशे चार.