शेवटचे दहा मणी

क्लेअर टॉयलेटमधून बाहेर आली तर पंपावर एकही गाडी नाही. ना डॅडींची पांढरी, ना शेजारच्या रॉयस्टन अंकलची लाल. आधी तिला हसूच आलं. मग ती पंपाच्या मागे जाऊन बघून आली, आणि हसू गेलं.

उतरतानाच मम्मीशी वाजलं होतं. मस्कतहून सलालाला निघाल्यापासून दर थांब्यानंतर मम्मी गाडीत रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू करायची. घरातली माणसं पाच, प्रत्येकाला दहा मणी. शेवटचे दहा क्लेअरचे.

"माझी पाळी येईपर्यंत सगळे घोरतात! मी नाही म्हणणार जा!"

"मग जा, अंकलच्या गाडीत बस."

"बसतेच!"

दार आपटून ती निघाली होती ती थेट टॉयलेटमध्ये. अंकलला सांगायचं राहूनच गेलं. आता मम्मीला वाटणार ती अंकलकडे, अंकलला वाटणार ती मम्मीकडे. पुढचा पंप येईपर्यंत कोण कशाला विचारतंय? आणि पुढचा पंप म्हणजे सगळं वाळवंट ओलांडून.

हे हैमा गाव म्हणजे तरी काय, हा पंप, एक मशीद, केरळवाल्याचं हॉटेल, थोडी घरं. बाकी दोन्हीकडे तोच सरळसोट रस्ता. हॉटेलात फोन होता, पण लावणार कोणाला? मस्कतला हमरियाच्या घरातली सगळी माणसं त्या पांढऱ्या गाडीत.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हर पाणी पिता पिता तिच्याकडेच बघत राहिला.

"अकेली है? बैठ जा, छोड दूंगा."

क्लेअरने ऐकलंच नाही असं दाखवलं. पाऊल मात्र मागे घेतलं.

तेवढ्यात धुळीने माखलेला एक पिकअप येऊन बरोबर दोघांच्या मध्ये उभा राहिला. चालवत होती एक बाई. चेहऱ्यावर बदू बायका घालतात तसला काळा मुखवटा, मागे दोन बकऱ्या.

"सलाला?" बाईने रस्त्याकडे हात केला. "यल्ला!"

क्लेअरचा हात दारापर्यंत गेलासुद्धा. पण लहानपणापासून मम्मीचं एकच पालुपद होतं: हरवलीस तर जागची हलू नकोस, मी येईन.

"नो. मम्मी आयेगी. इधर."

बाईने तिला नीट न्याहाळलं, इंजिन बंद केलं आणि तिथेच बसून राहिली. जरा वेळाने ट्रक निघून गेला.

पिकअपची सावली सरकेल तशी क्लेअर सरकत राहिली. लांबून येणारी प्रत्येक गाडी पांढरी दिसायची, आणि जवळ आली की दुसऱ्याच कुणाची निघायची. मम्मीचा राग अजून गेलाच नसेल तर?

मग एक पांढरी आली, ती जवळ आल्यावरही पांढरीच राहिली.

गाडी पुरती थांबायच्या आत मम्मी उतरली. आता पडणार! क्लेअरने डोळे मिटले. पण गालावर काही पडलं नाही.

"तुझी पाळी आली," मम्मी म्हणाली, "आणि गाडीत कोणी बोलेचना. डॅडी म्हणाले, तिचे मी म्हणतो. मी म्हटलं, नाही, रॉयस्टनला थांबवा, तिला इकडे आणा. तर तो मलाच विचारतो, क्लेअर कुठंय?"

पिकअप सुरू झाला. बाईने फक्त मान हलवली आणि वाळूतल्या वाटेने निघून गेली.

गाडीत बसल्यावर मम्मीने माळ पुढे केली. तिचा अंगठा अजून एकाच मण्यावर दाबलेला होता.

"इथून," ती म्हणाली आणि अंगठा उचलला. कातडीत मण्याएवढा खड्डा पडला होता.