देठासकट

स्क्रीनवर धनुबाईचा फोटो झळकला आणि शेडमध्ये कोणीच टाळी वाजवली नाही.

फोटोखाली लिहिलं होतं, ‘आठवड्याची सर्वोत्तम कामगार’. धनुबाईला वाचता येत नव्हतं. स्वतःचा फोटो बघून तिला वाटलं, आपल्याला काढलं. ती चपला शोधू लागली.

“अहो मावशी, बसा! तुम्ही पहिल्या आलात,” मॅनेजर अमृत सर म्हणाले. “टाळ्या!”

मग टाळ्या वाजल्या. हात तिखटाने भरलेले. टाळ्यांनी असा खकाणा उठला की सर शिंकत सुटले.

नंदुरबारच्या त्या मिरची कारखान्यात देठ खुडायला जवळच्या कोरीट गावच्या बायका येत. धनुबाई त्यांत सगळ्यांत म्हातारी. तिचे हात थरथरत. दुसरी मिरची खुडेपर्यंत पहिली बोटांतून निसटे. म्हणून पाणी प्यायला उठलेली बाई येता-जाता आपली एक मूठ तिच्यापुढे टाकायची. खुडलेली, साफ. बायका मिरची वाळवायच्या उघड्या पथारीवर बसून खुडायच्या तेव्हापासूनची ही रीत. या रीतीबद्दल कोणी बोलत नसे. म्हातारीची मूठ बोलून टाकायची नसते.

मग मालकांनी, म्हणजे नवनीतशेठनी, सिस्टीम बसवली. बायकांच्या संडासाला कडी नव्हती. धूळ ओढणारा पंखा गेल्या दिवाळीपासून बंद होता. सिस्टीम मात्र थेट बंगळूरहून आली. प्रत्येकीच्या क्रेटखाली काटा, डोक्यावर कॅमेरा. काटा वजन बघे आणि कॅमेरा हात हलतात की नाही ते बघे. अमृत सर मूळचे लोणखेड्याचे, पण पुण्याला एमबीए केलेले. घरी अहिराणी बोलत, गेटच्या आत आले की विसरत.

“सिस्टीमला भावना नसतात,” त्यांनी बायकांना समजावलं होतं, “त्यामुळे कोणावर अन्याय होत नाही. जी शेवटी येईल ती घरी.”

शेवटी कोण येणार, हे सिस्टीमच्या आधी सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येकीला वाटलं, आता ज्याच्या त्याच्या पोटावर आलंय, बाकीच्या काही मूठ टाकणार नाहीत. म्हणून प्रत्येकीने मुकाट्याने जरा मोठी मूठ टाकली. सुगंधाबाईने तर ओंजळीच रिकाम्या केल्या. शिवाय धनुबाईचे हात क्षणभर थांबत नव्हते. ती थरथर कॅमेऱ्याला मेहनत वाटली.

अशी धनुबाई पहिली आली. आणि सुगंधाबाई शेवटची.

“धनुबाईंचा आकडा हेच आता सगळ्यांचं टार्गेट,” शिंका आवरल्यावर सर म्हणाले. “या वयात त्यांना जमतं, मग तुम्हाला काय धाड भरली? सुगंधाबाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

सुगंधाबाईच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. तिने पदर झटकला.

“मन्हा हात चांगला शेतस, सर. तुमना काटाच आंधया शे.”

ती गेली. धनुबाई उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या एसी केबिनमध्ये शिरली.

“साहेब, ती मिरची मन्ही नही शे. सम्द्या बाया टाकतस. सुगंधा त ओंजळ भरीसन टाकस. मले काढा, पन तिले बलाई ल्या.”

अमृत सरांना अहिराणी नीट कळली. तीच पंचाईत होती. उद्या नवनीतशेठ सुरतेहून पाहुण्यांना घेऊन सिस्टीम दाखवायला येणार होते. धनुबाईचा सत्कार ठरला होता. शाल-नारळ कपाटात येऊन पडले होते. सरांनी उठून दार लावलं. धनुबाईला खुर्ची दिली. आवाजात साय आणली.

“मावशी, सिस्टीम कधी चुकत नाही. ती मिरची तुम्हीच खुडलीत. वय झालं ना, तुम्हाला आठवत नाही.”

धनुबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. उठून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाईच्या जागेवर कोणी बसलं नाही. धनुबाईने आपल्या क्रेटवर जुन्या लुगड्याचा तुकडा पसरला.

“आते कोनी टाकू नका,” ती म्हणाली.

कोणी टाकली नाही. धनुबाई स्वतः जेवढी खुडत होती तेवढीच तुकड्याखाली सरकवत होती. दुपारपर्यंत स्क्रीनवर पहिल्यांदाच खरा आकडा आला. धनुबाई शेवटची. नाव लाल झालं. लाल झालं ते झालं, वर लुकलुकायलाही लागलं.

सरांचा फोन वाजला. शेठची गाडी गावात शिरली होती.

“अहो, टाका ना कोणीतरी थोडी!” सर बायकांवर ओरडले.

बायकांचे हात चालू होते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने सगळं उत्तम होतं.

“माय वं, आते कसं व्हई!” सर गेटच्या आत पहिल्यांदाच अहिराणी बोलले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या, धनुबाईशेजारी उकिडवे बसले, तुकडा ओढून काढला आणि मधल्या ढिगातून दोन्ही हातांनी मिरची उपसून तिच्या क्रेटमध्ये लोटली. न खुडलेली, काड्या-कचऱ्यासकट. काट्याला देठ कळत नाही. धनुबाई एकेक नाव मागे टाकत पहिली झाली आणि हिरवी झाली. गेटवर हॉर्न वाजला. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिखटाच्या हातांनी पुसल्यामुळे ते आणखी वाहत होतं.

धनुबाईने क्रेटमधून एक मिरची देठाला धरून उचलली. थरथरत्या हाताने सरांच्या पुढे केली.

“खुडीसन टाका, साहेब. सुगंधा खुडीसन टाके.”