मागची सीट

तीस वर्षं साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या काकांनी. मग डोळे अधू झाले, लायसन गेलं आणि साठीला आलेला माणूस गाड्या आतून साफ करायचं काम शिकायला लागला. शिकवणारी पोर मुलीच्या वयाची, पण जिभेला धार. "काका, ब्रश घासा की, सीटला गोंजारताय काय? आज ही गाडी एकट्याने चकाचक केलीत तर काम पक्कं. नाहीतर उद्यापासून घरीच बसा."

वाकून वाकून काका अर्धे झाले. फटीतला बिस्किटांचा चुरा काढला, छत पुसलं, डाग घालवले. मग सीट वाळली का बघायला अ‍ॅप्रन काढून मागे बसले. जन्मभर पुढे बसलेला माणूस पहिल्यांदाच मागे टेकला, आणि टेकताच घोरायला लागला.

तेवढ्यात गाडी न्यायला ड्रायव्हर आला. बिचारा त्याच दिवशी कामावर लागलेला, साहेबांना त्याने अजून पाहिलंही नव्हतं. मागे पांढरे केस, पांढरा शर्ट, गाढ झोप. साहेबांची झोप मोडायची नाही, एवढी अक्कल त्याला होती. त्याने हळूच दार लावलं आणि गाडी काढली.

"साहेब, घर आलं."

काकांनी डोळे उघडले. बंगल्याच्या पायरीवर खरे साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. काम तर गेलंच, हे काकांनी ओळखलं.



त्यांनी डोळे परत मिटले आणि म्हणाले, "आणखी एक चक्कर मार."